बोट लावायच्या आधी

आत्या, अगं ऐक तरी. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि गेले सहा दिवस मला एकच वाटतंय, की राईला यावं, तुझ्या ओटीवर चढता चढताच ओरडावं, "आत्या, कळलं! सगळं कळलं!" आणि तू सुपातून मान वर न करता म्हणावंस, "चपला भायेर काढ आधी." काल तर मी खरंच रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर?" मी म्हटलं, "राई गांव." आणि पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या कोपऱ्यावर आठवलं, की जिला सांगायला निघालोय ती तिथं नाही. "रहने दो," म्हणून उतरलो. तो मला काहीतरी बोलला. बरोबरच बोलला असणार.

पण पोटात मावत नाही गं. आणि सांगायचं ते आजच सांगायला हवं, कारण आज शनिवार आहे आणि उद्या सकाळी सातनंतर मला हे कुणालाही सांगता येणार नाही. तुला हसू येईल. पकू आणि गप्प बसणार? का ते सांगतो. शेवट आधी सांगून मी गोष्टीचा विचका करतो, असं तू नेहमी म्हणायचीस, म्हणून या खेपेला पहिल्यापासून.

आपल्या घरातली बोट लावायची रीत. घरातलं माणूस पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडायचं, शाळेला, लग्नाला, सासरी, नोकरीला, की घरातल्या थोरल्या बाईनं त्याला बोट लावायचं. चटई टाकायची. उताणं झोपवायचं, गुडघे वर. "श्वास घे, मोठा," म्हणायचं आणि डाव्या बरगडीखाली चार बोटं हळूच आत रोवायची. मग थांबायचं. मग म्हणायचं, "बोट न्हाय. जा." मनगटावर कुंकवाची एक आडवी रेघ आणि जिभेवर काडेचिराइताचं पाणी. ते इतकं कडू, की पहिलीच्या वर्गात बाईंनी नाव विचारलं तेव्हा मी नाव सांगायच्या ऐवजी थुंकलो होतो. माझ्या शिक्षणाची सुरुवात तिथून झाली आणि प्रगतीही साधारण त्याच वेगानं.

"बोट न्हाय" म्हणजे काय, हे लहानपणी आम्ही कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, गावदेवीची कृपा. तूच सांगायचीस ना? "आमचे आजीला गावदेवीनं सांगलं, पोरांना हात लावून सोड." झालं. देवीनं सांगितलं म्हटल्यावर पुढं कोण बोलणार?

मी बोललो. बोलणारच. मुंबईत ऑफिसच्या कामासाठी एका जुन्या ग्रंथालयात जायचो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत नको ती पुस्तकं चाळायचो. त्यात एकदा हिवतापावरचा इंग्रजांच्या काळातला एक सरकारी अहवाल हाताला लागला. साहेब डॉक्टर गावोगाव फिरायचे, पोरांच्या रांगा लावायचे आणि एकेकाचं पोट दाबून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का बघायचे. ताप ज्या गावात मुरलेला, तिथल्या पोरांची पानथरी बरगडीखाली उतरलेली. किती उतरली ते बोटांनी मोजायचं. एक बोट, दोन बोट, चार बोट. हाताला काही लागलंच नाही, तर बोट नाही. आत्या, मी त्या शांत खोलीत "अरे तिच्यायला!" असं मोठ्यानं ओरडलो. समोरचे म्हातारे गृहस्थ दचकले. सगळं जुळत होतं! गुडघे वर घ्यायचे म्हणजे पोट सैल पडतं. मोठा श्वास घेतला की पानथरी खाली येऊन बोटाला भेटते. कडू पाणी म्हणजे क्विनीन. कुंकवाची रेघ म्हणजे हे पोर तपासून झालं, पुन्हा रांगेत लावू नका. आपली देवीची रीत म्हणजे साहेबाची तपासणी!

असा शोध लागल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? राईला येऊन तुझ्या शेजारी बसून हळूच सांगितलं असतं. मी नितेशच्या हळदीपर्यंत थांबलो.

नितेश म्हणजे तुझा लाडका नातू, माझ्या चुलतभावाचा मुलगा. मांडवात तू त्याला चटईवर झोपवलंस. वसईहून मुलीकडची माणसं आलेली, ती माना उंचावून बघत होती. आणि मी डीजेवाल्याच्या हातातून माइक घेतला. आत्या, घरात माझी ख्याती गोष्टीवेल्हाळ अशी आहे. म्हणजे माइक दिसला की मला सुटका नसते. "मंडळी," मी म्हणालो, "हा कुलाचार नाही. हा मेडिकल चेकप आहे. गोऱ्या साहेबानं सुरू केलेला, आत्यानं फुकटात चालू ठेवलेला!" मांडव फुटला हसून. वसईकर तर टाळ्या वाजवायला लागले. एकजण ओरडला, "आत्या, माझं बीपी पण बघा!" तुझी चार बोटं नितेशच्या बरगडीखाली होती. तू ती काढलीस, पदराला पुसलीस आणि उठून आत गेलीस. "बोट न्हाय" म्हणालीच नाहीस. नितेश तसाच पडून राहिला, हळद फासलेला, गुडघे वर. त्याला कळेना उठायचं की नाही.

मी आत आलो तेव्हा तू पाणी पीत होतीस.

"आत्या, गंमत केली गं."

"गंमत व्हती. हसली ना मानसं."

"पण खरं आहे की नाही सांग."

"तो साहेब राईत आला तवा तू व्हतास?"

"नव्हतो. तू तरी कुठं होतीस?"

"माझी आजी व्हती," म्हणालीस आणि भांडं पालथं घातलंस.

मग तो वाद आपल्या घरातला सण झाला. दर गौरीला तू उकडीचं करायचीस आणि मी साहेब काढायचो. मी पुस्तकातली पानं झेरॉक्स करून आणायचो, तू त्यावर वाल सोलायचीस. "तुझे पुस्तकात राईचं नाव दाखव," म्हणायचीस. नाव नव्हतंच. मी म्हणायचो, "साहेबाला सगळी गावं कुठं लिहायला जमणार?" तू म्हणायचीस, "मंग ज्याला लिवायला जमलं न्हाय, त्याचं नाव मी का घेऊ?" युक्तिवाद म्हणून हा बिनतोड नव्हता, पण तोंडात गरम घास असलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्या हळदीबद्दल मात्र मी तुझी माफी कधी मागितली नाही. मनात किती वेळा रचली. प्रत्येक वेळी तिचा विनोद झाला.

आणि मग ते हॉस्पिटल. भाईंदरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "पकू, हात दे." मी दिला. तू माझी चार बोटं धरलीस आणि तुझ्याच डाव्या बरगडीखाली दाबलीस. "हितं," म्हणालीस. "श्वास घे बोलायचं. मंग..."

मी काय केलं, आत्या? मला वाटलं तुला दुखतंय. मी खुर्ची उलटी पाडून दारात गेलो आणि बोंबललो, "सिस्टर! जल्दी आओ, पेट में दर्द है!" सिस्टर धावत आल्या. "किधर दर्द है, अम्मा?" तू माझ्याकडं बोट दाखवलंस. त्यांना कळलं नाही, पण त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. झोप लागता लागता तू हसलीस आणि म्हणालीस, "येडा." तू मला म्हटलेला तो शेवटचा शब्द. इतरांच्या वाट्याला माणसं जाताना आशीर्वाद ठेवतात. मला जे मिळालं ते अगदी मापाचं होतं.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं. कळलं ते गेल्या रविवारी, तुझ्या बाराव्याला.

जेवणं उरकली होती. मागच्या दारी तुझी हिराबाय पातेली घासत बसलेली. तुमची मैत्री मिठागरापासूनची. दोघींनी एका फळीनं मीठ ओढलेलं. मी हात धुवायला गेलो तर म्हणाली, "बस हितं. गोमा, तुझी आत्या, तुझ्यासाठी एक चीज ठेवून गेली."

मला वाटलं, डबा असेल.

"तुझा साहेब आला व्हता," हिराबाय म्हणाली. "खाडीतून, होडीनं."

आत्या, मी राखेत बसलो. अक्षरशः. पांढरी पँट होती.

मग ती सांगत गेली आणि मी पहिल्यांदाच मध्ये बोललो नाही. पावसाळा संपता संपता मिठागराच्या कडेची पोरं तापानं फणफणायची, पोटं घागरीसारखी व्हायची. साहेब आला, बरोबर कंपाउंडर आणि मोठी वही. देवळापुढं पोरांची रांग लावली. पहिल्या दिवशी थोडी आली. दुसऱ्या दिवशी एकही नाही! गावात बोभाटा झालेला, की साहेब पोरं मोजतोय, खाडीवरच्या पुलाच्या खांबात पुरायला. आया पोरांना कणगीत लपवायला लागल्या. आणि मुलींच्या पोटाला परका बाप्या हात लावणार, हे तर सोडच.

तेव्हा तुझी आजी पुढं झाली. माझी पणजी. तिची दोन पोरं त्याच तापानं गेलेली, तिसरं कडेवर. ती कंपाउंडरला म्हणाली, "साहेबाला बोल, कसा दाबतोस ते मना दाखव." साहेबानं तिच्याच पोराच्या पोटावर तिचा हात ठेवून शिकवलं. ते पोर म्हणजे कोण, आत्या? तुझा बाप! माझे आजोबा! तू ज्याच्या पोटी जन्मलीस त्याच पोटावर पहिलं बोट लागलं!

मग पणजी घरोघरी गेली. दार लोटून आत ती आणि आया, बाहेर अंगणात कंपाउंडर वही घेऊन उभा. आतून ती ओरडायची, "दोन बोट!" तो लिहायचा. "बोट न्हाय!" तो लिहायचा. ज्यांना बोट लागलं त्यांना पांढरी पूड द्यायची, तर ती कुणी घेईना. साहेबाचं विष म्हणायचे. पणजीनं सांगितलं, "गावदेवी माझे सपनात आली. बोलली, माझा अंगारा कडू हाय, पोरांना चाटव." झालं! सगळ्या राईनं चाटला.

"म्हणजे देवी..." मी म्हणालो.

"सपनात आली का न्हाय ते तिला ठावं," हिराबाय म्हणाली. "पन पोरं वाचली ना?"

साहेब एक हंगाम राहिला आणि गेला. वही घेऊन गेला. मी त्या अहवालातले तक्ते पाहिलेत, आत्या. गाव, पोरं, बोटं, सगळ्याला रकाना आहे. हात कुणाचा होता याला रकाना नाही. दहा वर्षं मी तुला साहेबाचं नाव सांगत होतो आणि तू मला तुझी आजी सांगत होतीस. साहेब गेल्यावर दर हंगामाला पणजी स्वतः भाईंदरला चालत जायची, पोस्टात क्विनीनच्या पुड्या मिळायच्या त्या पदरात बांधून आणायची आणि पुन्हा दारोदार. कुणी सांगितलं नव्हतं. वहीही नव्हती. साहेबाची तपासणी एका वर्षात संपली, पणजीची रीत झाली.

"आत्याला हे सगळं माहीत होतं?"

"तिला न्हाय तर कोनाला? आजीनं तिला बोट शिकवलं तवाच शपथ घातली. जो बोट लावील त्यानं साहेबाचं नाव घ्यायचं न्हाय. देवीचंच घ्यायचं. न्हाय तर उद्या पोरं कडू घ्यायची न्हाईत."

"आणि मी माइकवर..."

"त्या रातीला ती मना काय बोलली ठावं हाय? बोलली, हिरे, पकूनं बरोबर शोधलं गं. एकट्यानं शोधून काढलंन. लय हुशार हाय मेला. पन मना हो बोलता येत न्हाय."

आत्या, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, राखेत बसून रडलो आणि मला आनंदानं नाचावंसंही वाटत होतं. तू चिडली नव्हतीस! म्हणजे चिडली होतीस, पण तुला अभिमानही वाटला होता, आणि तो तू दहा वर्षं वालासारखा सोलत बसलीस माझ्याच झेरॉक्सवर! मी बरोबर होतो हे तुला ठाऊक होतं आणि मी किती अर्धवट बरोबर होतो हेही.

"मग आता मला का सांगितलं?" मी विचारलं.

"ती बोलली, मी गेल्यावर पकूला सांग. मंग तो खुशाल माइकवर सांगू दे. त्यानं बोट लावलेलं न्हाय, त्याला शपथ न्हाय." हिराबायनं पातेलं उलटं केलं. "आनि हेबी बोलली, त्याला हात शिकवाया गेले तर मेल्यानं नर्स बोलावली."

तिथं मला उमगलं, की हॉस्पिटलात तू काय करत होतीस.

"मला? पण बोट तर बाई लावते."

"हात शिकला की बाई का बाप्या, पोट विचारीत न्हाय. बाकीची पोरं ऐकतात नि इसरतात. तू इसरत न्हायस. त्यो तुझा रोग हाय." मग हिराबायनं ओल्या हातानं माझा हात धरला आणि तुझं अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. "श्वास घे बोलायचं. मंग थांबायचं. पोटाला बोलू द्यायचं. तुना ह्ये थांबायचंच जमत न्हाय, गोमा बोलायची."

आता कळली माझी अडचण? पुढच्या महिन्यात नितेशच्या मुलाचं बारसं आहे. सगळी राई, सगळी वसई, आणि माइक. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या हातात आहे. त्याच मांडवात, त्याच वसईकरांसमोर मी तुझं आणि पणजीचं नाव घेऊन मागचं सगळं फेडू शकतो. लोक रडतील, मी पैजेवर सांगतो. आणि इकडं सानिका, माझी लेक, उद्या हैदराबादला पहिल्या नोकरीला निघालीय. परवा बॅग भरता भरता तिनं विचारलं, "बाबा, आत्याआजी नाही, तर मला बोट कोण लावणार?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? बोट लावल्याशिवाय मी जाणार नाही हां." हसत म्हणाली, पण बॅगेची चेन तिथंच थांबली होती.

गोष्ट सांगायची की बोट लावायचं? दोन्ही नाही. तू मला बरोबर पेचात पकडलंस, आत्या. सहा दिवस मी फेऱ्या मारल्या. एकदा वाटलं, सुलभाला शिकवावं, म्हणजे बायको बोट लावेल आणि माझी जीभ मोकळी. तिला पलंगावर झोपवून दाखवायला गेलो, तर ती म्हणाली, "अहो, गुदगुल्या होतायत. आणि तुम्ही बोलताय कशाला एवढं?" आत्या, मी पोटावर हात ठेवून बोलतच होतो! मग स्वतःच्या पोटावर सराव केला. पहिल्या दिवशी तीन बोटं लागली आणि मी घाबरून पांढराफटक. तो सकाळचा वडापाव होता.

काल दुपारी पुन्हा आडवा झालो. गुडघे वर. श्वास घेतला आणि थांबलो. काहीच बोललो नाही. आणि खरंच गं, बोटांखाली काहीतरी खाली येतं आणि परत जातं, खाडीचं पाणी दाराशी येऊन मागं फिरावं तसं. मी किती वर्षं हे पोट घेऊन हिंडतोय, आणि त्याचं कधी ऐकलंच नव्हतं. तिथं मला तुझी बोटं आठवली, पहिलीच्या सकाळची. तू थांबायचीस तेव्हा घरात सगळे गप्प व्हायचे. त्या गप्प बसण्यात कुणीतरी माझ्या आत बघून म्हणत होतं, की हे पोर वाचणार. माझी एकही गोष्ट ऐकून कुणाला असं वाटलेलं नाही.

म्हणून आज हे लिहून टाकतोय. शपथ बोट लावणाऱ्याला आहे, आणि उद्या सकाळी सातपर्यंत मी मोकळा आहे. गौरीच्या वादात तूच शिकवलेली पळवाट आहे ही. सानिका बापाचं लिहिलेलं वाचत नाही, ही गावदेवीचीच कृपा. बारशाला माइक नितेशच्या हातात देईन. वसईकरांनी विचारलं तर सांगेन, आमच्याकडं देवीनं सांगितलंय. ते हसले तर हसू देत. त्या दिवशी तुझ्यावर आणलेलं हसू या खेपेला मी माझ्याच डोक्यावर घेईन.

आणि हो. नितेशला पुन्हा झोपवणार आहे मी, बारशाच्या आधी, आतल्या खोलीत. त्याचं बोट अर्धवट राहिलंय. माझ्यामुळं. माफ कर. बघ, विनोद न करता आलं.

काडेचिराईत भिजत घातलंय. चटई झटकून ठेवलीय. कुंकू तुझ्याच करंड्यातलं, हिराबायनं दिलं. उद्या सात वाजता.

रविवार, सकाळ.

बोट न्हाय, आत्या. गेली.

टॅक्सीत बसताना तोंड वेंगाडून म्हणाली, "ई बाबा, केवढं कडू! हे आपल्याकडं का करतात?"

मी थांबलो. मग जे सांगायचं ते सांगितलं, गावदेवीचंच.